आजोबांची ८ एमएम फिल्मची रिळं डिजिटल करायचीयत, स्वस्तात कसं जमेल?

प्रश्न (दांडिया बाजार, बडोदा):
माळ्यावर डबा सापडलाय, एका रिळावर आजोबांच्या अक्षरात "सुरसागर, विसर्जन" लिहिलंय (सुरसागर म्हणजे इथला तलाव). प्रोजेक्टर पण आहे. एका स्टुडिओचा रेट ऐकला, परवडणारा नाही. आजी नव्वदीला आलीय, तिला दाखवायचंय हो, कोणी केलंय का?

उत्तर १:
प्रोजेक्टरवर अजिबात लावू नका! जुनी फिल्म आकसते, मग कडेची भोकं फाटतात, आणि मध्येच अडकली तर बल्बच्या उष्णतेने जळते. ८ एमएमचे दोन प्रकार: भोकं लहान, फ्रेमच्या (एका चित्राच्या) मध्याजवळ असली तर सुपर ८, म्हणजे १९६५ किंवा नंतरची, मोठी आणि दोन फ्रेमच्या मधल्या रेषेवर असली तर रेग्युलर ८. हे सांगूनच रेट विचारा. ५० फुटी रीळ जेमतेम तीन-चार मिनिटांचं असतं, तेव्हा रेट फुटावर आहे की रिळावर ते आधी पक्कं करा.

उत्तर २:
भिंतीवर पाडून मोबाईलने शूट करणं स्वस्त पडतं पण चित्र लुकलुकतं. त्यापेक्षा दोन-तीन घरांनी मिळून फ्रेम-बाय-फ्रेम स्कॅनर घ्या, आपल्या लोकांकडे अशी रिळं बरीच निघतील. डब्याला व्हिनेगरसारखा वास येतो का?

प्रश्नकर्ता:
हो दादा, एकाला येतो, विसर्जनवालंच.

उत्तर २:
म्हणजे ती फिल्म कुजायला लागलीय. ते रीळ आजच वेगळं ठेवा, त्या वाफेने बाकीची पण खराब होतात. आणि सगळ्यात आधी तेच स्कॅन करा, बाकीची थांबतील. स्कॅन झाल्यावरही मूळ रिळं टाकू नका.