शब्द हवा : 'धातू-सेंद्रिय' आणि 'ॲडसॉर्प्शन'

गोदाकाठ : विज्ञान दिनाला अंबाजोगाईत बारावीच्या मुलांपुढं एमओएफवर (मेटल-ऑरगॅनिक फ्रेमवर्क, म्हणजे धातू आणि सेंद्रिय रेणू जोडून बनलेले पोकळ्यांचे पदार्थ) बोलायचंय. २०२५चं रसायनशास्त्राचं नोबेल कितागावा, रॉब्सन आणि याघी यांना याच कामासाठी मिळालं. फलकावर 'सच्छिद्र धातू-सेंद्रिय चौकटी' लिहिलं, तर सहकारी म्हणाले, पोरं शेणखत समजतील. आणि या पोकळ्या वायू धरून ठेवतात, त्या ॲडसॉर्प्शनला 'शोषण' चालेल का?

मांजराकाठ : सेंद्रियच ठेवा. स + इंद्रिय, म्हणजे सजीवांपासूनचं. शेतीवाल्यांनी शब्द मागून उचलला.

कोरडवाहू : सर, सजीवांपासूनचं हा अर्थ १८२८लाच गेला, रसायनशास्त्रज्ञ व्होलरनं प्रयोगशाळेत युरिया बनवला तेव्हा. तुमच्या शास्त्रात युरिया सेंद्रिय, आमच्या शेतात तोच रासायनिक खत. लातूरच्या पोरानं काय समजायचं? शाळेच्या पुस्तकात 'कार्बनी' आहे, तो घ्या.

मांजराकाठ : कार्बनी म्हटलं की कार्बोनेटही आलं त्यात. नेमकेपणा गेला.

नांदेडची : मी यावरच पीएचडी करते. काका, 'शोषण' अजिबात नको. वायू घन पदार्थात विरघळत नाही, पोकळ्यांच्या भिंतींना धरून राहतो. म्हणून भिंत किती, यावर सगळं. १९९९च्या एमओएफ-५ मध्ये एका ग्रॅमला सुमारे २९०० चौरस मीटर.

कोरडवाहू : एकोणतीस गुंठे! ताई, मग 'मुरणं' का नाही म्हणत?

नांदेडची : मुरलेलं सहजी परत मिळत नाही, दादा. हे तापवलं की सोडून देतं. एचकेयूएसटी-१ या तांब्याच्या एमओएफची भुकटी फिकट निळी असते; तापवून पाणी काढलं की गडद जांभळी, उघडी ठेवली की हवेतली वाफ धरून पुन्हा निळी. आम्ही 'धरतं-सोडतं' असंच बोलतो.

मांजराकाठ : बोलायला ठीक. लिहायला 'अधिशोषण'च. 'अधि' म्हणजे वर, पृष्ठभागावर.

कोरडवाहू : पण वायू निवडून धरतं ना? मग 'चाळणी' म्हणा.

नांदेडची : चाळणी फक्त आकार बघते. कार्बन डायऑक्साइड आणि नायट्रोजनच्या रेणूंच्या आकारात फार फरक नाही. तिथं धातूकडची ओढ कामाला येते. आणि युरोपियम धातूच्या एमओएफची भुकटी अतिनील दिव्याखाली लाल दिसते, टर्बियमची हिरवी. त्याला काय म्हणावं?

गोदाकाठ : चमकते?

मांजराकाठ : चमक काचेलाही असते, ती बाहेरच्या उजेडाची. ही दिव्याचा प्रकाश घेऊन स्वतःचा देते, 'प्रतिदीप्ती' म्हणा.

कोरडवाहू : आमच्याकडं 'उजळणं' म्हणतात, बारावीच्या पोराला लगेच कळतं.

मांजराकाठ : उजळतं ते भांडं, घासल्यावर. आणि 'चौकट' तरी कशी चालली? ती दाराला, सपाट. हे तिन्ही दिशांना पसरलेलं. 'सांगाडा' का नको?