गांजा १ किलो १५० ग्रॅम – गरिबाचं पोरगं आत, पुढाऱ्याचं पोरगं 'ट्रीटमेंट'ला, असं कायद्यातच आहे का?

मागावरचा_माणूस :
नमस्कार मंडळी, सोलापूर पूर्व भागातून लिहितोय, कुणी वकील असेल तर नीट सांगा. आमच्या गल्लीतल्या पोराला मागच्या आठवड्यात गांजात उचललं. वय २२, टॉवेलच्या कारखान्यात मागावर काम, आई विड्या वळते, वडील नाहीत. हैदराबाद रोडला गाडी अडवली, डिकीत पिशवी, वजन १ किलो १५० ग्रॅम. पोरगं म्हणतंय पिशवी दुसऱ्याची, पोच करायचे ५०० रुपये मिळणार होते. खरं-खोटं सिद्धेश्वर जाणे, तो स्वतः पण अधूनमधून ओढायचा हे अख्ख्या गल्लीला माहितीये, मी काही त्याला साधू म्हणत नाही. पण आता जो तो येऊन त्याच्या आईला सांगतोय की १० वर्षं गेला म्हणून, बाई जेवत नाहीये.

आणि डोक्यात जे घुमतंय ते वेगळंच. तीन-चार वर्षांपूर्वी मी केटरिंगला जायचो तेव्हा एका पुढाऱ्याच्या पुतण्याची फार्महाऊसवर पार्टी होती, टेबलावर काय होतं ते मी डोळ्यानं बघितलंय. गाडी आली, साहेब उतरले, चहा झाला, गाडी गेली. नंतर ऐकलं भाऊ 'तब्येतीसाठी' पुण्याला गेलेत. तीन महिन्यांनी वाढदिवसाचे फ्लेक्स लागले सात रस्ता चौकापर्यंत. तो आजारी आणि हा गुन्हेगार, हे कुठल्या कलमात लिहिलंय?

गड्ड्यावरचा_पाळणा :
काय बे, कुठल्या कलमात विचारतो. कलम 'आमचे साहेब' पोटकलम 'फोन आला होता'. पुण्यात २०२४ ला पोर्शे गाडीखाली दोन जीव गेले तेव्हा चालवणाऱ्या पोराला ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगितला होता ना, तो तर बिल्डरचा पोरगा होता, पुढाऱ्याचा असता तर शब्द पण कमी केले असते. आपल्या पोराला निबंधाचा चान्स नाही, दहावी नापास हाय.

काळा_कोट_सोलापूर :
मी इथंच कोर्टात प्रॅक्टिस करतो. आधी त्या माऊलीला सांगा की १० वर्षं 'पर्यंत' आहे, १० वर्षं 'च' नाही. एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांचा कायदा १९८५ चा. सुरुवातीला त्यात ग्रॅम-किलोचा फारसा भेद नव्हता, बहुतेक मालाला थेट किमान १० वर्षं, गांजाला मात्र ५ वर्षांपर्यंत, २००१ च्या दुरुस्तीनं प्रमाणाप्रमाणे शिक्षा आली. गांजा १ किलोच्या आत असेल तर अल्प प्रमाण, जास्तीत जास्त १ वर्ष किंवा १० हजार दंड किंवा दोन्ही. २० किलोच्या वर व्यावसायिक, तिथं किमान १० ते कमाल २० वर्षं आणि दंड किमान १ लाख. मधलं सगळं एकाच पोत्यात, १० वर्षांपर्यंत आणि १ लाखापर्यंत दंड. म्हणजे तुमच्या पोराचे वरचे १५० ग्रॅम त्याला एका वर्षाच्या खान्यातून दहाच्या खान्यात ढकलतात, आणि १९ किलोवाला पण त्याच खान्यात बसतो. वाईट वाटतं पण कायदा असाच आहे.

आता कामाचं. पंचनाम्याची कॉपी मिळवा आणि बघा वजन कशाचं केलं. गांजाची व्याख्या म्हणजे झाडाचे फुलं-फळं आलेले शेंडे, ते सोबत नसतील तर पानं आणि बिया त्यात येत नाहीत (म्हणून तर महाशिवरात्रीची भांग पिणारे सगळे आत नाहीत). पिशवीसकट, काड्यांसकट सरसकट काट्यावर टाकलं असेल तर १५० ग्रॅमवर भांडायला जागा आहे. नमुने मॅजिस्ट्रेटसमोर काढले का तेही बघा. झडतीच्या कलम ५० वर फार उड्या मारू नका, ते अंगझडतीला लागतं, डिकीतल्या पिशवीला नाही. आणि महत्त्वाचं म्हणजे कलम ३७ च्या जामिनाच्या कडक अटी व्यावसायिक प्रमाणाला आहेत, इथं नाहीत. ६० दिवसांत चार्जशीट आली नाही तर जामिनाचा हक्कच तयार होतो. कस्टडीत असलेल्या माणसाला उत्पन्न न बघता फुकट वकील मिळतो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा, त्यात लाजायचं काही नाही. 'साहेबांशी बोलून देतो' म्हणणाऱ्याला एक रुपया देऊ नका.

आणि आजारी-गुन्हेगाराचं म्हणाल तर कलम आहे हो, ६४अ. व्यसनी माणूस स्वतःहून उपचाराला तयार झाला आणि केस नुसत्या सेवनाची किंवा अल्प प्रमाणाची असेल तर खटल्यातून सुटका मिळू शकते. श्रीमंत-गरीब असं त्यात काही लिहिलेलं नाही. माझ्या इतक्या वर्षांत ते मागायला आलेला एकही मागावरचा माणूस मी बघितला नाही.

पुण्यात_अडकलेला_सोलापूरकर :
हे फक्त आपल्याकडंच आहे असं नका समजू. अमेरिकेत १९८६ च्या कायद्यात ५ ग्रॅम क्रॅकला (ओढायचं खडा कोकेन) किमान ५ वर्षं होती आणि तेवढीच शिक्षा व्हायला पावडर कोकेन मात्र ५०० ग्रॅम लागायचं, माल मुळात एकच, पण क्रॅकमध्ये आत जाणारे बहुतेक काळे. २०१० मध्ये ते ५ चे २८ ग्रॅम केले, तरी सारखं नाहीच केलं. आणि २००२ मध्ये जेब बुश फ्लोरिडाचे गव्हर्नर, भाऊ राष्ट्राध्यक्ष, तेव्हा त्यांची मुलगी खोट्या प्रिस्क्रिप्शनवर औषध घेताना सापडली, तिला रिहॅब, म्हणजे व्यसनमुक्ती केंद्र. रिहॅबमध्ये बुटात क्रॅक सापडलं तर कोर्टाचा आदेश मोडला म्हणून १० दिवस जेल. मला त्या मुलीबद्दल राग नाही, आजारी माणसाला तसंच वागवायला पाहिजे, पण मग बाकीच्यांना का नाही? क्लिंटनचा सावत्र भाऊ तर कोकेनच्या केसमध्ये वर्षभर जेल भोगून आलेला, तरी २००१ मध्ये पद सोडायच्या दिवशी भावानं त्याच्या माफीपत्रावर सही केली. घरातच सही करणारा असला की बरं असतं.

चिंचोळी_फाटा :
थोडं उलटं बोलतो, शिव्या घाला. पुढाऱ्याचा नातेवाईक म्हणजे सुटलाच असं नसतं, वारा कुठल्या बाजूनं आहे त्यावर असतं. २०२१ मध्ये आपल्याच राज्यातल्या तेव्हाच्या एका मंत्र्यांचे जावई आठ महिने आत होते. त्याच वर्षी क्रूझवाल्या प्रकरणात सिनेस्टारचा पोरगा जवळपास चार आठवडे आत, अंगावर काही सापडलं नव्हतं, आणि पुढं २०२२ ला एनसीबीनंच (केंद्राची ड्रग्ज पकडणारी संस्था) त्याच्यावर आरोपपत्र ठेवलं नाही. म्हणजे मोठ्या घरचं पोरगं एकतर लगेच सुटतं नाहीतर टीव्हीसाठी अडकतं. कायद्याप्रमाणे कुणाचंच होत नाही.

आणि गल्लीतल्या पोरांमागं लागण्यापेक्षा, आमच्या चिंचोळी एमआयडीसीत २०२३ च्या ऑक्टोबरात एमडी (मेफेड्रोन) ड्रगचा कारखाना सापडला, तो पण मुंबई पोलिसांनी येऊन पकडला. आम्ही रोज त्या रस्त्यानं जायचो, वास केमिकलचा यायचा, म्हटलं एमआयडीसी आहे, येणारच. त्याच महिन्यात पुण्याच्या ससून हॉस्पिटलमधून ड्रग्जच्या केसमधला आरोपी ललित पाटील पळाला, कैदी असून कित्येक महिने दवाखान्यात ॲडमिट. एवढं आजारपण आपल्याला परवडतंय का?

जुळे_सोलापूरची_ताई :
माझा सख्खा भाऊ यातून गेलाय म्हणून लिहिते, नाहीतर मी फक्त वाचते इथं. आमच्याकडं पुढारी कुणी नाही, पण बाबांची नोकरी सरकारी, त्यांनी पीएफ काढला आणि त्याला केंद्रात ठेवलं, एकदा नाही, तीनदा. दुसऱ्यांदा तो पळून आला तेव्हा पोलिसांनी पकडून घरी आणून सोडलं, "सर तुमचा मुलगा आहे म्हणून" असं बाबांना म्हणाले. तेव्हा मला फार हायसं वाटलं होतं. आज ही पोस्ट वाचून वाटतंय की ती पण तीच गोष्ट झाली की, फक्त आमचा फ्लेक्स लागला नाही. मागावाले दादा, त्या मुलाला व्यसन असेल तर आत्ताच सिव्हिलच्या मानसोपचार ओपीडीचा काहीतरी कागद तयार करून ठेवा, सुटल्यावर लागेल.

मागावरचा_माणूस :
सगळ्यांचे आभार. वकील साहेब, पंचनामा मिळाला, त्यात लिहिलंय 'हिरवट रंगाची ओलसर पाने, फुले, काड्या, बिया असलेला उग्र वासाचा माल, प्लास्टिक पिशवीसह वजन'. पिशवीसह असं अक्षरशः लिहिलंय. ओलसर पण लिहिलंय, वाळल्यावर किती भरलं असतं कुणास ठाऊक. सोमवारी काकूंना घेऊन विधी सेवावाल्यांकडं जाणार आहे, त्या दिवशीच्या त्यांच्या हजार विड्या बुडतील म्हणून आज रात्रीच जास्तीची पानं कातरत बसल्यात.

ताई, तुमचं वाचून काय लिहावं कळलं नाही. भाऊ बरा आहे ना आता?