जुन्या मगरीला वाचा फोडावी का?

कर्जतकर (धागाकर्ता)

मंडळी, कौल हवाय. जर्मनीत उल्मला राहतो. गेल्या रविवारी इथल्या जुन्या मॉडेल रेल्वेच्या बाजारात मार्कलिन या जर्मन कंपनीची ३०१५ हाती लागली, म्हणजे स्वित्झर्लंडच्या विजेच्या इंजिनाची, हिरव्या 'मगरी'ची प्रतिकृती. हे मॉडेल १९४७ साली सीसीएस ८०० या नावाने आलं आणि १९५७ मध्ये त्याचं ३०१५ झालं. माझं वयाने माझ्या थोरल्या भावापेक्षा मोठं असावं. ओतीव धातूचं अंग, एका हातात धरलं की मनगट वाकतं. पायरीजवळ रंगाचा एक टवका उडालाय, बाकी तब्येत खणखणीत.

घेण्यामागचं कारण आजोबा. ते सेंट्रल रेल्वेत ड्रायव्हर होते, कर्जत-लोणावळा घाटात 'खेकडा' चालवायचे. नवीन लोकांसाठी: खेकडा म्हणजे डब्ल्यूसीजी-१ हे विजेचं इंजिन, जीआयपीच्या (सेंट्रल रेल्वेच्या आधीची कंपनी) दप्तरी ईएफ/१. एकूण ४१ होती. पहिली १० स्वित्झर्लंडमधल्या विंटरथुरच्या एसएलएम कारखान्याने बांधली, बाकीची इंग्लंडच्या व्हल्कन फाउंड्रीने. याच एसएलएमच्या कारखान्यातून स्वित्झर्लंडच्या गोथार्ड घाटातल्या मगरीही निघाल्या. त्यामुळे दोन लांब नाकं, मधोमध केबिन, चाकांना जोडणाऱ्या दांड्या हा तोंडवळा घरातलाच. आजोबा सांगायचे, खेकडा उभा असला की कण्हायचा आणि चालू लागला की दांड्यांचं सूंऽ सूंऽ ऐकू यायचं. लहानपणी ते आम्हाला पलंगावर बसवून ते कण्हणं करून दाखवायचे.

तर या मगरीत आवाजाचा डीकोडर बसवायचं मनात आहे, म्हणजे मोटर चालवणारी आणि साठवलेला आवाज वाजवणारी चिप. लोकसाउंड ५ नावाचा डीकोडर आणि छोटा स्पीकर. बसवू का? बायको म्हणते विचार, पण आधी दुसऱ्यांना विचार.

सोल्डरगन

बसव. डोळे झाकून बसव, फक्त सोल्डरिंग करताना उघड.

जुन्या मार्कलिनमध्ये आवाज बसवायला एक मोठी सोय आहे, ती दोन रुळांच्या इंजिनांना नाही. दोन्ही रूळ एकाच ध्रुवाचे आणि दुसरा ध्रुव रुळांच्या मधोमध असलेल्या धातूच्या ठिपक्यांमधून, पोटाखालच्या लांब स्लायडरने घ्यायचा. त्यामुळे वीज सहसा तुटत नाही. वीज तुटली की आवाजाचा डीकोडर दचकतो आणि इंजिन चालू होण्याचा सगळा मंत्र पहिल्यापासून म्हणतो. माझ्या जुन्या दोन रुळांच्या डिझेलमध्ये दर सांध्यावर हे व्हायचं, शेवटी कपॅसिटर टाकावा लागला.

काम असं: मोटर युनिव्हर्सल आहे, म्हणजे तिचं चुंबकही तारेच्या गुंडाळीचंच. तसल्या मोटरच्या दोन तारा उलटसुलट केल्या तरी ती एकाच दिशेने फिरते. म्हणून गुंडाळी काढून तिथे कायम चुंबक घालायचं, जमलं तर आर्मेचरही (मोटरचा फिरता भाग) ५ पोलचं. दिशा बदलणारा रिव्हर्सर काढायचा, त्याच्या जागी डीकोडर. काढलेला प्रत्येक तुकडा पिशवीत, पिशवीवर चिठ्ठी. उद्या मन बदललं तर तासाभरात जसंच्या तसं.

एकच तंबी. मार्कलिनचा तो जुना निळा ट्रान्सफॉर्मर डीकोडरवाल्या इंजिनाला लावू नकोस. तो २२० व्होल्टच्या जमान्यातला, आता घरात २३० येतात. दिशा बदलायचा २४ व्होल्टचा झटका त्यातून बराच वर जातो आणि डीकोडर कायमचा मौनात जातो.

निळा_डबा

ज्या ट्रान्सफॉर्मरला तंबी दिलीत त्याचं नाव मी घेतलंय, म्हणून बोलणं भाग आहे. बसवू नका.

कर्जतकर, तुमचं इंजिन मुकं आहे असं तुम्ही गृहीत धरलंय. एकदा ते त्याच्या मूळ अवस्थेत चालवून तरी बघा हो. ट्रान्सफॉर्मरचा नॉब शून्याच्या मागे डावीकडे दाबायचा. १६ चे २४ व्होल्ट होतात, पुढचा दिवा क्षणभर डोळे वटारतो, पोटात खट् होतं आणि स्वारी उलटी निघते. रिव्हर्सरची स्प्रिंग जरा घट्ट असेल तर खट् व्हायच्या आधी बेडकासारखी उडी मारते. मग गिअरची किणकिण, ठिपक्यांवरून घासणारा स्लायडर, ऊन तेलाचा वास. हा आवाज कुणी रेकॉर्ड करून भरलेला नाही, ते यंत्र स्वतः तो करतंय. तुम्ही नेमका तोच काढून पिशवीत घालणार, वर चिठ्ठी लावणार, आणि त्या जागी फाइल वाजवणार.

पिशवीतला रिव्हर्सर परत बसतो हेही मला मान्य नाही. तत्त्वतः बसतो. प्रत्यक्षात पिशवी ड्रॉवरमध्ये जाते, ड्रॉवर घर बदलताना हरवतो.

आवाजी

निळा_डबा, पोटातली खट् तुम्हाला प्रिय आहे कारण ती तुमच्या लहानपणाची आहे. कर्जतकरच्या लहानपणी पलंगावर कण्हणारे आजोबा होते. त्याची आठवण त्याने का सोडावी?

आणि आवाज म्हणजे आजकालचं थेर आहे असंही समजू नका. अमेरिकेत लायोनेल या खेळण्यातल्या गाड्यांच्या कंपनीने १९३५ मध्येच टेंडरच्या (इंजिनामागचा कोळशाचा डबा) पोटात मोटरवरचा पंखा ठेवून हवेची शिट्टी वाजवली होती. एसी विजेवर थोडी डीसी चढवली की आतला रिले शिट्टी सुरू करायचा. नव्वद वर्षं झाली त्याला. खेळण्याच्या इंजिनाने आवाज करावा ही हौस इंजिनाइतकीच जुनी आहे, साधनं तेवढी बदलली.

दोन_दांड्या

मी आवाजाच्या बाजूचा. पण या इंजिनात, या कारणासाठी? नको. भावनेचा प्रश्न बाजूला ठेवतो, विजेचं बोलतो.

स्विस मगर १५,००० व्होल्ट, १६⅔ हर्ट्झ, एसी. खेकडा १,५०० व्होल्ट डीसी. मगरीच्या आवाजाचा पाया म्हणजे ट्रान्सफॉर्मरचा घुमारा. ट्रान्सफॉर्मरचं लोखंड पुरवठ्याच्या दुप्पट वेगाने थरथरतं, म्हणजे सेकंदाला तेहेतीसच्या आसपास. डीसीवर ट्रान्सफॉर्मर चालतच नाही, तेव्हा खेकड्यात हा घुमारा असणं शक्य नव्हतं. तुझे आजोबा जे कण्हणं काढून दाखवायचे ते काही वेगळं होतं. मगरीची तयार फाइल भरलीस तर आजोबांच्या आठवणीत कुठल्या तरी स्विस माणसाच्या आजोबांचा आवाज वाजेल.

आणि तोही धड वाजणार नाही. साखरेच्या खड्याएवढा ११ बाय १५ मिलिमीटरचा स्पीकर चारपाचशे हर्ट्झच्या खाली दम सोडतो. तेहेतीस हर्ट्झचं नावच काढू नकोस. शिट्टी छान येईल, स्विचचे टकटक छान येतील, पण घाट चढणाऱ्या इंजिनाचा जो भार छातीत जाणवतो तो येणार नाही. आकार १:८७ ने लहान करता येतो, हवेला तसं सांगता येत नाही.

सोल्डरगन

पूर्ण असहमत. कान फसतो, आणि त्यावरच तर सगळा रेडिओ चालला. मूळ सूर नसला तरी त्याचे वरचे पट ऐकू आले की मेंदू खालचा सूर स्वतः भरतो. ट्रान्झिस्टरवर तबल्याचा बायाँ ऐकलाय ना सगळ्यांनी? स्पीकरमागे हवाबंद डबी मात्र हवीच. उघडा स्पीकर म्हणजे पुढची लाट मागच्या लाटेला खाते, उरतो तो डास.

फाइलचं म्हणाल तर लोकसाउंडला प्रोग्रॅमर जोडून आपलं रेकॉर्डिंग भरता येतं. स्विस आवाज काढ, हवा तो घाल.

दोन_दांड्या

घाल, पण कुठून? खेकडे शेवटी शंटिंगला उरले होते, तेही गेले. जे संग्रहालयात उभे आहेत ते कण्हत नाहीत.

मिसेस_गार्ड

माझं मत कुणी विचारलं नाही, तरी देते. आमच्याकडे आवाजाची सात इंजिनं आहेत. पहिले चार दिवस घरात सण होता. पाचव्या दिवशी मुलीची परीक्षा. सातव्या दिवसापासून सगळी म्यूटवर चालतात, आणि त्या म्यूटसाठी आम्ही चांगले पैसे मोजलेत. बसवायचाच असेल तर आवाज पहिल्याच दिवशी निम्म्यावर आणा. दुकानातून येतं ते सेटिंग लग्नाच्या हॉलसाठी असतं.

आणि कर्जतकर, बायकोने "दुसऱ्यांना विचार" म्हटलंय त्याचा अर्थ तुम्हाला कळलेला नाही.

निळा_डबा

मिसेस_गार्ड यांना +१.

एक राहिलंच. रूळ कुठले आहेत? पत्र्याचे जुने एम रूळ असतील तर चर्चा इथेच मिटली. त्या पोकळ पत्र्यावर हे वजनदार इंजिन धावलं की ताटात खिळे हलवल्यासारखा गजर होतो. त्याच्यावर स्पीकरचा आवाज चढवायचा तर शेजारी येतील. शिवाय ओतीव अंगातून आवाजाला बाहेर पडायला वाट नाही. म्हणजे कुणीतरी "दोनच छोटी भोकं" म्हणणार. त्या इंजिनाला ड्रिल लावणाऱ्या माणसाशी मी बोलत नाही.

सोल्डरगन

ड्रिल कोण म्हणालं? स्पीकरचं तोंड खाली, रुळाकडे. आवाज परावर्तित होऊन बाहेर येतो. भोक न पाडता चार इंजिनं केलीत. एक बिघडवलंही, ते आधीच कबूल करतो. चुंबक बसवताना ब्रशची स्प्रिंग उडाली, ती अजून सोफ्यात आहे.

आवाजी

मधला मार्ग कुणी सुचवला नाही म्हणून: इंजिनाला हात न लावता टेबलाखाली मोठा स्पीकर ठेवा. घाटाच्या कोपऱ्यात, बोगद्यामागे. खालचे सूरही येतील, दोन_दांड्यांचं समाधान होईल. आवाज इंजिनाबरोबर फिरणार नाही, पण घाटात तसाही तो डोंगरातून येतो.

कर्जतकर (धागाकर्ता)

सगळे प्रतिसाद वाचले. काल रात्री रूळ मांडले. होय, पत्र्याचेच, मोजून बारा तुकडे, जेवणाच्या टेबलावर वर्तुळ. शेजाऱ्याकडून ट्रान्सफॉर्मर आणला (पांढरा, निळा नव्हे, क्षमस्व). इंजिनाला दोन थेंब तेल दिलं. पहिल्या खेपेला हललं नाही, दुसऱ्या खेपेला बेडूकउडी, मग चाललं.

आईला व्हिडिओ कॉल लावून फोन रुळाशेजारी उभा केला. म्हटलं, आई ओळख बघू, आजोबांचा खेकडा. ती म्हणाली, "अरे, मिक्सर बंद कर आधी, काही ऐकू येत नाही."

मिक्सर नव्हता. मग मी इंजिन थांबवलं, पण नॉब अगदी शून्यावर आला नसावा. चाकं थांबलेली आणि मोटर बारीक घुंऽऽ करत राहिली. आई गप्प झाली. मग म्हणाली, "हां. हे. पण बाबांचं जरा जाड होतं."

तर दोन_दांड्या, रेकॉर्डिंग कुठून आणणार विचारलंत ना, आई पुढच्या महिन्यात इथे येतेय. तिला ते कण्हणं हुबेहूब येतं. तिच्यासमोर माइक धरणार. ती फाइल टेबलाखालच्या मोठ्या स्पीकरवर जाईल, आवाजीने सुचवलं तशी. मगरीचं पोट सध्या तरी उघडत नाही. सोल्डरगन, रागावू नका, बाजारातून एक फुटकं शंटिंग इंजिन दहा युरोत आणलंय, सोल्डरिंग त्यावर शिकतो. चुंबक कुठल्या मापाचं लागेल ते सांगा.

सोल्डरगन

शंटिंग इंजिनाचा नंबर कळव. आणि आधी ब्रशवर बोट ठेव, मग स्क्रू.

निळा_डबा

"सध्या तरी" वाचलं मी. रिव्हर्सर काढलातच कधी, तर पिशवी-चिठ्ठीच्या भानगडीत पडू नका. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, मी घेतो.