मदत हवी आहे: गोवा हायवेवर स्पीड किती ठेवता?

मंडळी, गणपतीला पनवेलहून कुडाळला निघतोय, सोबत आई आणि पोरं. २०१८ च्या केंद्राच्या अधिसूचनेनुसार दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर कारला कमाल १०० ची मर्यादा. पण या ६६ नंबरच्या हायवेवर मध्येच डायव्हर्जन येतं, आणि लाल मातीने माखलेला बोर्ड वाचेपर्यंत आपण पुढे गेलेलो असतो. मी ७० च्या वर जात नाही, तर मागून लक्झरीवाला डिपर मारून जीव खातो. (अशांना वाट देऊन मोकळं व्हावं.) पावसात कशेडी बोगद्याच्या तोंडाशी आणि परशुराम घाटात तुम्ही किती ठेवता? कॅमेरे राहू देत, खड्डे नि मोकाट गुरं नेमकी कुठे असतात ते सांगा. रात्री निघावं की पहाटे?