कागद नसलेला कामगार म्हणजे अडाणीच का? गल्फहून आलेल्यांनो, जरा सांगा

एमए_दुसरं_वर्ष (जुळे सोलापूर):
नमस्कार. प्रबंधासाठी विषय घेतलाय, विनापरवाना परदेशी राबणाऱ्या मजुरांचं कौशल्य कशानं ठरतं. मेक्सिकोतून अमेरिकेत चोरवाटेनं जाणाऱ्यांवर ओरेनियस आणि झावोड्नी या दोघींचा २००५ चा अभ्यास वाचला. मला वाटलं होतं, सगळ्यात कमी शिकलेलेच जात असणार. बोर्हास या अर्थतज्ज्ञानं १९८७ मध्ये तसंच मांडलं होतं. पण यांना जाणारे मधल्या शिक्षणाचे दिसले, आणि सरहद्दीवर पहारा कडक झाला की जाणाऱ्यांचं शिक्षण वाढलेलं दिसलं! हेच डोक्यात शिरत नाही. पहारा वाढला तर शिकलेला माणूस उलट घरी बसेल ना?
माझ्या प्रश्नावलीत कौशल्य म्हणजे शाळेची वर्षं असा एकच रकाना आहे. नई जिंदगी, शास्त्रीनगर भागात विचारायला जाणार आहे, त्याआधी इथं विचारते.

टाइल्सवाले_काका:
ताई, पहाऱ्याचं सांगतो. पहारा वाढला की वाटाड्याचा दर वाढतो. दर वाढला की ज्याच्या घरात गहाण टाकायला काहीच नाही तो आधी गळतो. आमच्याकडं दुसरं काय झालं?
२००९ साली एजंटानं माझ्याकडून ८५ हजार घेतले. आईच्या पाटल्या, मामांचे वीस हजार, बाकीचे व्याजानं. वडील अक्कलकोट रोडला एमआयडीसीत जॉबर, म्हणजे माग बिघडला की दुरुस्त करणारे. पगारी माणूस म्हणून सावकारानं दारात उभं तरी केलं. मागच्या बोळात कांड्या भरणारी एक विधवा होती, तिचा पोरगा माझ्यापेक्षा हुशार. त्याला ८५ हजार कोण देणार बे? तो भिवंडीला गेला. वकिलाचा पोरगा पुण्याला. मधले आम्ही, सौदीत दमामला.
तिथं खोलीत आठजण. एक बारावी, एक आयटीआय इलेक्ट्रिशियन, बाकी दहावीच्या अलीकडं-पलीकडं. अजिबात न शिकलेला एकच, बिहारचा, आणि त्याचे दोन भाऊ आधीपासून तिथं होते म्हणून तो फुकटात पोचला.
आता दुसरी गोष्ट. मी बिनकागदाचा गेलो नव्हतो. व्हिसा होता, इकामा म्हणजे तिथं राहायचा परवाना होता, इकाम्यावर धंदा लिहिला होता ‘आमिल’, म्हणजे साधा मजूर. मला जॅकार्ड, म्हणजे नक्षीचा माग, जुळवता येतं हे विचारतंय कोण! चार महिने पगार नाही, म्हणून कफीलला, म्हणजे ज्याच्या नावावर व्हिसा होता त्या मालकाला, सोडलं. त्यानं हुरूब लावला, म्हणजे पळून गेला अशी नोंद केली. तेव्हापासून मी खल्लीवल्ली. बिनकागदाच्या माणसाला तिकडं आपली माणसं हेच म्हणतात.
खल्लीवल्ली झालं की कुठलं काम शिकायचं हे पोलीस ठरवतात. इकाम्याशिवाय लायसन नाही, म्हणून ड्रायव्हरकी बाद. मोठ्या साइटवर गेटपास, तेही बाद. उरतं बंद दाराआडचं काम. रंग, प्लंबिंग, फरशी. आणि हत्यारं पिशवीत मावतील एवढीच, कारण रात्रीत खोली सोडावी लागते. आमचा आयटीआयवाला दोन वर्षं गाड्या धूत होता.
मला फरशी शिकवली ती एका बांगलादेशी उस्तादनं. सही पण येत नव्हती त्याला. टाइल बसली की मुठीनं ठोकून कान लावायचा. आवाज भरीव आला तर ठीक, कोपरा जरा पोकळ वाजला की उचल, परत माल भर. बाथरूमचा उतार बघायला खिशातून काचेची गोटी काढायचा. गोटी चारी कोपऱ्यांतून जाळीकडं गेली पाहिजे, मधी थांबली तर त्या दिवशीची मजुरी कापली. दहा महिने मी नुसता माल कालवला. नंतर माझी दिहाडी ६० रियालवरून १३० वर गेली.

निवृत्त_मास्तर:
टाइल्सवाल्यांनी खोलीतल्या बिहारी माणसाचं सांगितलं ते सोडू नका. मॅकेन्झी आणि रापोपोर्ट यांनी २०१० मध्ये मेक्सिकोबद्दल नेमकं हेच दाखवलं. ज्या गावाची बरीच माणसं आधीच तिकडे आहेत तिथून कमी शिकलेले निघतात, कारण खर्च उतरतो. जिथं ओळखीचं कुणी नाही तिथून जास्त शिकलेले.
मात्र गल्फ आणि मेक्सिको एका टोपलीत घालू नका. मेक्सिकोवाल्यांना गाळणी सरहद्दीवर लागते. गल्फला बहुतेक जण रीतसर जातात आणि नंतर कागद गमावतात. आणि माहिती कुणी, कुठे गोळा केली ते आधी बघा. चिकियार आणि हॅन्सन यांनी २००५ मध्ये अमेरिकेतल्या जनगणनेवरून जाणारे मधल्या-वरच्या थरातले सांगितले. फर्नांडेझ-हुएर्तास मोरागा यांनी २०११ मध्ये मेक्सिकोतल्या घरांची पाहणी वापरली, तर जाणारे मागे राहिलेल्यांपेक्षा कमी कमावणारे निघाले. लपून राहणारा माणूस जनगणनेवाल्याला दार उघडत नाही हो.

पद्मशाली_पणती:
आमचे पणजोबा तेलंगणातून सोलापूरच्या पूर्व भागात आले तेव्हा कागद कुणी मागितलाच नाही, मागावर बसवून बघितलं. मला साधं बटण लावता येत नाही, पण पदवीचे कागद फाइलभर आहेत. 😄

एमए_दुसरं_वर्ष:
काका, मग शाळेच्या रकान्याचं काय करू? काढून टाकू?

टाइल्सवाले_काका:
काढू नका. कोण जाऊ शकतं ते त्यानं कळतं. दहावी पास नसेल तर पासपोर्टवर ईसीआर लागतो, म्हणजे गल्फला जायला सरकारची वेगळी मंजुरी. एजंटाच्या हातात सापडतो तो तिथंच. पण तिथं जाऊन काय येतंय ते त्या रकान्यात नाही. तुमच्या फॉर्मात मी नववी, उस्ताद शून्य. शेजारी अजून दोन रकाने घाला: जाताना कुठलं काम येत होतं, आणि शेवटची दिहाडी कशाची, किती.
२०१३ ला सौदीनं मुदत दिली, नोव्हेंबरपर्यंत कागद नीट करा नाहीतर दंड न भरता निघा. मी निघालो. इथं होटगी रोडला एका ठेकेदारानं अनुभवाचं पत्र मागितलं. कुणाचं आणू? हुरूब लावणाऱ्याचं? हेल्परच्या मजुरीवर घेतो म्हणाला. म्हटलं, एक बाथरूम द्या, पैसे नंतर बोलू. तिसऱ्या दिवशी तो बघायला आला तेव्हा गोटी त्याच्याच हातात दिली.
रविवारी येणार असाल तर फॉर्म दोन आणा. साडू दुबईवरून २०१८ च्या माफीत आलाय, तो जाताना शिंपी होता आणि येताना एसीवाला.