मदत हवी आहे: त्रिकोणी जागेचे स्क्वेअर फूट कसे काढायचे? (अर्जंट)

चिडका_बिब्बा:
घरामागे कंपाउंडला लागून त्रिकोणी जागा उरलीये, तिथे फरशी टाकायचीये आणि फरशीवाला म्हणतो 77 फूट भरतं, मला तर बघून तेवढं वाटत नाही. एक बाजू 14, एक 11. बरोबर आहे का त्याचं? आज माल सांगायचाय, लवकर बोला.

गणितवाली_मावशी:
तिसरी बाजू? आणि फूट की मीटर? इंच सोडले असतील तर तेही लिही, 14 फूट 6 इंच म्हणजे 14.5, 14.6 नव्हे.

चिडका_बिब्बा:
फूटच हो, मीटर कोण मोजतं. पूर्ण 14.

निवृत्त_मास्तर:
शाळेतलं गणित आहे. अर्धा गुणिले पाया गुणिले उंची. उंची किती?

चिडका_बिब्बा:
साडेपाच, वर तारेचं कुंपण वेगळं.

निवृत्त_मास्तर:
अहो भिंतीची नव्हे!! समोरच्या कोपऱ्यातून 14 च्या बाजूवर काटकोनात दोरी धरा, ती उंची.

अंगणातली_तुळस:
फरशी टाकूच नका, उन्हाळ्यात मागची खोली तापते. कढीपत्ता, गवती चहा लावा, आम्ही तेच केलं.

चिडका_बिब्बा:
ताई, तिथे साप निघतो म्हणून तर फरशी. तिसरी बाजू मोजून आलो, 9.

गणितवाली_मावशी:
मग उंची नकोच. तिन्हींची बेरीज 34, निम्मे 17. त्यातून एकेक बाजू वजा केली की 3, 6, 8. आता 17×3×6×8 = 2448, त्याचं वर्गमूळ साधारण 49.5. एवढीच जागा आहे तुझी.

साइटवरचा_माणूस:
त्याने 14×11 चे निम्मे केलेत. त्या दोन बाजूंत काटकोन असता तरच ते चाललं असतं. तुमच्याकडे काटकोनाच्या जवळ जातो तो 11 आणि 9 मधला कोपरा, 11×9 चे निम्मे करा, तेच 49.5. पण माल 50 फूट आणू नका, तिरक्या बाजूला कटिंग वाया जातं, 15 टक्के धरा, म्हणजे 57. टाइल केवढी आहे?

चिडका_बिब्बा:
एक बाय एक, पार्किंगची.

निवृत्त_मास्तर:
15 फार होतात, 10 पुरे. कापलेला तुकडा फिरवून त्याच तिरक्या कडेला पुढे बसतो.

साइटवरचा_माणूस:
कागदावर बसतो सर. साइटवर प्रत्येक कट वेगळा, आणि एखादी फुटली की नंतर त्याच शेडचा माल मिळत नाही.

शुभंकर७:
टोक कुठल्या दिशेला आहे? त्रिकोणी जागा वास्तूला चांगली नसते, आधी दाखवून घ्या.

गणितवाली_मावशी:
धाग्याचं काश्मीर करू नका हो, विषय भलतीकडे नेऊन; त्याला आज माल सांगायचाय.

चिडका_बिब्बा:
फोन केला त्याला. आता म्हणतो माल 57 च आणा पण मजुरी 77 ची, कटिंगला वेळ जातो.

साइटवरचा_माणूस:
वेळ जातो हे खरंय, मग रेट वाढवून मागावा ना, फूट कशाला फुगवतो? त्याच्यासमोर मास्तर म्हणतात तशी दोरी धरा, 7 फूट 1 इंचाच्या आसपास भरेल, विषय संपला. आणि ढाळ कुठल्या बाजूला काढताय? फुटाला एक सूत (इंचाचा आठवा भाग) तरी हवा.

चिडका_बिब्बा:
ढाळ ठरवलाच नाहीये. सध्या पाणी शेजाऱ्याकडे जातं.