दुष्परिणाम की नुसता त्रास?

गुहागरकर : साइड इफेक्टला मराठीत सरसकट दुष्परिणाम म्हणतात ते पटत नाही. बहिणीच्या बाळाला दीड महिन्याचे डोस द्यायला घेऊन गेलो होतो, भिंतीवर मोठ्या अक्षरात 'लसीचे दुष्परिणाम : ताप, सूज', शेजारची बाई वाचून म्हणाली अगोबाई, दुष्परिणाम पण असतात काय, आणि तिथूनच सासूला फोन लावला. दुष् म्हटलं की दुष्काळ, दुष्ट हेच आठवणार ना. इंग्रजीत साइड म्हणजे फक्त बाजूचं. सहपरिणाम चालेल?

हर्णेचा खलाशी : सहपरिणाम कोणाला कळणार हो. आमच्या आशाताई सांगतात रात्री अंग तापेल, गाठ आली तर चोळू नका, बास. पण सांगायला हवंच, लपवलं नि पोर रात्रभर रडलं की अडीच महिन्याच्या डोसला आई फिरकतच नाही.

मालवणी बोको : माझी आजी दंडावरचो देवीच्या लशीचो वण दाखवन म्हणा, 'देवी फुलली तर लागली, नाय फुलली तर परत काढूक व्हयी.' म्हणजे फोड येणं हा परिणामच, त्यात दुष् काही नाही. बाकी लस म्हणजे मुळात जखमेतून झिरपतं ते चिकट पाणी. इंग्लंडच्या डॉक्टर जेनरने १७९६ मध्ये गाईच्या देवीच्या फोडातलीच लस टोचली, १८०२ ला मुंबईत ३ वर्षांच्या मुलीला टोचली तीपण तीच लस, म्हणून हा शब्द. क्षयरोगावरच्या बीसीजी लशीचा फोड अजून येतो, कित्येक आठवड्यांनी, तेव्हा आया घाबरतात कारण आधी कोणी बोललेलं नसतं.

हर्णेचा खलाशी : पण 'लागली'तपण घोळ आहे बरं का. कोविडच्या वेळी ज्यांना ताप आला नाही ते म्हणत होते आम्हाला पाणीच टोचलं काय! ताप नाही आला तरी लस काम करते.

देवगडची पायरी : आणि तीव्र ॲलर्जी आली तर? टोचल्यावर अर्धा तास बसवतात ते उगाच नाही, क्वचित होतं पण होतं. तिथे दुष्परिणामच म्हणा, तो शब्द मोडीत काढू नका. कणकण आणि ॲलर्जी एकाच मथळ्याखाली लिहितात ही खरी गडबड.

गुहागरकर : हे पटलं. मग तापाला 'टोचल्यानंतरचा त्रास', आणि खाली 'लगेच दवाखान्यात या' म्हणून वेगळी ओळ. पुढच्या डोसला गेलो की नर्सबाईंना विचारून बघतो, खडू देतात का.